सहा वर्षांच्या मुलाला सुईची प्रचंड भीती. पुढे दोन-अडीच वर्षांचे उपचार. तयारी कशी करावी?

कोरांटी

मुलगा ६ वर्षांचा आहे. रक्ताच्या कॅन्सरचं (एएलएल, ल्युकेमियाचा एक प्रकार) निदान झालंय. तीन दिवसांनी यवतमाळहून मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियलला जायचंय. उपचार दोन ते अडीच वर्षं चालतील आणि पहिला महिना सगळ्यात जड असतो, असं कळलंय. वैद्यकीय बाजू डॉक्टर बघतीलच. मला विचारायचंय ते मुलाच्या मनाबद्दल.

१) इथे तपासण्या करताना चौघांनी धरून रक्त काढलं. तेव्हापासून पांढरा कोट दिसला तरी थरथरतो. यापुढे तर सुया रोजच्याच. काय करता येईल?
२) त्याला किती सांगायचं, कधी सांगायचं? आजींचं म्हणणं, आजाराचं नावच काढू नका.
३) पाठीतून इंजेक्शन देतात म्हणे. त्याची तयारी कशी करून घेऊ?
४) १४ वर्षांची मुलगी आहे, ती इथेच काकांकडे राहील. तिला काय सांगू?

पांढरा_एप्रन

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. बालकांच्या कॅन्सर वॉर्डात नर्सिंगचं काम करते.

आधी क्रीम. लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रायलोकेन २.५ टक्के असं मिश्रण असलेलं बधिर करणारं क्रीम येतं, आपल्याकडे 'प्रायलॉक्स' नावाने मिळतं. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्या. लोक सांगतात "लावलं होतं, पण दुखलंच". तसं होण्याची कारणं ठरलेली आहेत: थर पातळ लावलेला असतो, चोळून जिरवलेला असतो, किंवा वीस मिनिटांत पुसलेला असतो. हे क्रीम चोळायचं नाही. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर साधारण १ ग्रॅमचा जाड पांढरा गोळा ठेवायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी हवाबंद बसवायची. पट्टी नसेल तर खाद्यपदार्थ गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक चालतं. मग किमान ६० मिनिटं हात लावायचा नाही. दोन तासांनी गुण जास्त येतो. दोन जागांवर लावा, म्हणजे एक शीर हुकली तर दुसरी जागा तयार असते. कोणत्या जागा, ते आधी सिस्टरना विचारा. तुम्ही कोपरावर लावलं आणि त्यांनी मनगटाची शीर धरली, की सगळं वाया. १ ते ६ वर्षांच्या, १० किलोच्या वरच्या मुलाला सगळ्या जागा मिळून १० ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि ४ तासांपेक्षा जास्त वेळ नाही. जखमेवर किंवा खरचटलेल्या कातडीवर लावू नका.

क्रीम पुसल्यावर कातडी पांढुरकी दिसते आणि शिरा बारीक झाल्यासारख्या वाटतात. म्हणून पुसून १० मिनिटं थांबा आणि तेवढ्या वेळात हात कोमट कपड्यात गुंडाळून खाली लोंबता ठेवा. शिरा वर येतात. पाणी पिण्यावर बंदी नसेल तर तासभर आधी भरपूर पाणी पाजा. सुकलेल्या मुलाची शीर कुणालाच सापडत नाही.

आता धरण्याचं. मुलाला आडवं करून हातपाय दाबले की भीती दुपटीने वाढते, कारण आडवं झालं की त्याला काही दिसत नाही आणि काही हातात राहत नाही. त्याऐवजी तुम्ही खुर्चीवर बसा, मुलगा तुमच्या मांडीवर, तोंड तुमच्याकडे, छातीला छाती लावून, पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना. त्याचा एक हात तुमच्या काखेखालून मागे येईल, तिथे सिस्टर काम करेल. त्याला ती मिठी वाटते, आणि हात तरीही पक्का धरलेला राहतो. कोपर आणि मनगट एवढं दोनच ठिकाणी आधार लागतो.

त्या वेळी एकाच माणसाने बोलायचं. आई "बघू नको", बाबा "शूर आहेस ना", सिस्टर "झालं झालं", मागून मावशी "रडतोस काय": चार आवाज आले की मूल बावरतं. कोण बोलणार ते आत जाण्याआधी ठरवा. साबणाचे फुगे फुंकायला द्या. लांब फुंकर मारली की श्वास आपोआप खोल जातो. सुई टोचताना मोठ्याने एकदा खोकायला सांगितलं तरी टोचणं कमी जाणवतं, फक्त हे घरी दोन-चारदा करून बघायला हवं.

इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवतात ती नळी) बसवल्यावर एक गोष्ट त्याला जरूर दाखवा: आत सुई राहत नाही. सुई बाहेर निघते आणि मऊ प्लॅस्टिकची नळी राहते. हे न कळल्यामुळे कित्येक मुलं तीन-तीन दिवस हात हलवत नाहीत.

आणि हे हक्काने सांगा, उद्धटपणा नाही: एकाच व्यक्तीने दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला बोलवावं. तसंच, टोचाटोची शक्यतो मुलाच्या पलंगावर नको, प्रोसिजर रूममध्ये व्हावी. पलंगावर त्याला निर्धास्त झोप लागली पाहिजे.

महिनाभरात वारंवार शिरा शोधाव्या लागणार असतील तर पिक लाइन किंवा केमोपोर्ट (शिरेतून औषध द्यायला बरेच दिवस राहणारी सोय) बसेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. पिक लाइन दंडातून जाते, बाहेर नळी राहते, आंघोळीला ओली होऊ द्यायची नाही आणि साधारण आठवड्याला ड्रेसिंग व फ्लश (नळी आतून धुणं) लागतो. पोर्ट कातडीखाली असतो, वापर नसताना पोहण्याचीही मुभा मिळू शकते, पण बसवायला छोटं ऑपरेशन लागतं, आणि दर वेळी वरून टोचावं लागतं (तिथेही तेच क्रीम). कोणता कधी, ते प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी बघून डॉक्टर ठरवतात.

शांतझोप

भूलतज्ज्ञ. वरच्या क्रीमच्या माहितीत एक भर घालतो, महत्त्वाची आहे. प्रायलोकेनमुळे क्वचित रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, ओठ-नखं निळसर होतात. जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) याची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांत हा धोका जास्त. ल्युकेमियाच्या मुलांना न्यूमोनिया टाळण्यासाठी सेप्ट्रानसारखं सल्फाचं औषध आठवड्यातून ठरावीक दिवशी दिलं जातं, तेही त्याच बाजूने भर घालू शकतं. म्हणून ते क्रीम आपल्या मनाने विकत आणून लावू नका. "हे औषध चालू आहे, क्रीम चालेल का?" असं एकदा विचारून घ्या. बहुतेकदा मर्यादित प्रमाणात चालतं.

पाठीच्या इंजेक्शनबद्दल. एएलएलमध्ये काही पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात लपू शकतात. शिरेतून दिलेलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही, म्हणून कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने थेट त्या पाण्यात औषध सोडतात. मुलाला एवढंच सांगा: "पाठीत एक पाण्याची पिशवी आहे, तिथेही औषध पोचवायचंय."

तो कुशीवर, गुडघे छातीशी, हनुवटी खाली, असा आकसून झोपेल. घरी गादीवर ही 'मुटकुळं' खेळून बघा, मोजत मोजत वीसपर्यंत. पाठ जितकी गोल, तितकी मणक्यांमधली फट मोठी आणि काम लवकर. सिस्टर मान आणि गुडघे धरतील, ते त्याला आधीच माहीत असू द्या. औषध दिल्यावर ते वरपर्यंत पसरावं म्हणून साधारण अर्धा ते एक तास उशी न घेता सपाट झोपवतात. तो वेळ कशात घालवायचा ते आधी ठरवून ठेवा, कारण उठून बसायचा हट्ट तेव्हाच होतो. गोष्टीचं ऑडिओ सगळ्यात सोयीचं, कारण मोबाइल बघायला मान वर येते.

गुंगी किंवा भूल देणार असतील तर उपाशीपोटाचा नियम असा: जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या वॉर्डाने वेगळे आकडे दिले तर तेच पाळा. सर्वात जास्त गडबड दुधाची होते. "फक्त अर्धा कप दूध दिलं" म्हणून सकाळची यादी रद्द होते आणि मूल दुपारपर्यंत उपाशी राहतं. दूध पोटात घट्ट होतं, म्हणून ते जेवणातच धरतात. उलटही होतं: घाबरून रात्रीपासून पाणीही देत नाहीत, मग मूल कावलेलं आणि शिरा बसलेल्या. पाणी नक्की किती वाजेपर्यंत चालेल ते घड्याळाच्या वेळेनुसार लिहून घ्या.

"तुला झोपवणार आहेत" असं नुसतं म्हणू नका. घरात कुणी नुकतं गेलं असेल आणि "आजोबा झोपले" असं सांगितलं असेल, तर मूल त्याचा जो अर्थ लावेल तो लावेल. "ही औषधाची झोप आहे. काम संपलं की औषध थांबवतात आणि जाग येते. जाग येताना मी शेजारी असेन." शेवटचं वाक्य मात्र तेव्हाच, जेव्हा रिकव्हरीत (भुलीतून जाग येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत) तुम्हाला आत सोडणार आहेत हे विचारून झालेलं असेल.

मनकवडी

बालसमुपदेशक म्हणून लिहिते आहे. आजींचा आग्रह प्रेमापोटीच आहे, पण या बाबतीत तो मानू नका. वॉर्डात भिंतीवर नाव लिहिलेलं असतं, शेजारच्या पलंगावरचं मूल ते बोलतं, फोनवर मोठी माणसं कुजबुजतात. नाव बाहेरून कळलं की मूल दोन गोष्टी शिकतं: हे इतकं भयंकर आहे की आईलाही बोलवत नाही, आणि आई माझ्याशी खरं बोलत नाही. दुसरी पुढच्या दोन वर्षांना महाग पडते. कारण उद्या तुम्ही "आज सुई नाही" म्हणाल, तेव्हा त्याने तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा.

सहा वर्षांच्या मुलाला पुरेल असं: "तुझ्या रक्तात काही पेशी बिघडल्यात. त्या आजाराला ल्युकेमिया म्हणतात. म्हणून तुला दम लागत होता, ताप येत होता. औषधाने बिघडलेल्या पेशी काढायच्या आहेत. त्याला खूप दिवस लागतील." आणि हे न विचारता सांगाच: "तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. ताईला मारलंस म्हणून नाही, जेवला नाहीस म्हणून नाही. आणि हे कुणाला तुझ्यामुळे होणारही नाही." या वयात मुलं आजाराला शिक्षा समजतात आणि तोंडाने बोलत नाहीत.

केव्हा सांगायचं? आजाराबद्दल निघण्याआधी, घरी. एकेका प्रोसिजरबद्दल या वयात एक-दोन दिवस आधी पुरे. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच सकाळी. फार आधी सांगितलं तर रोज विचारत बसतं, अजिबात न सांगता नेलं तर प्रत्येक दरवाजाची भीती बसते.

घरात सगळ्यांनी काही वाक्यं आजपासून बंद करा. "दुखणार नाही" – दुखतं, आणि मग तुम्ही खोटे ठरता. "टोचेल, मोठ्याने पाच आकडे म्हणेपर्यंत, मग फक्त दाब लागेल" हे चालतं. "मस्ती केलीस तर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन" – आपल्याकडे हे सर्रास बोललं जातं, आणि निम्मी भीती तिथूनच येते. "मुलगा आहेस, रडतोस काय" – रडू द्या. त्याचं काम एकच, हात स्थिर ठेवणं. कौतुकही त्याचंच करा: "रडू आलं तरी हात हलवला नाहीस."

निवड द्या, पण खरीच असेल तिथे. "सुई घ्यायची का?" असं विचारू नका, कारण नाही म्हणाला तर तुम्ही मानणार नाही. "डावा हात की उजवा? बघायचं की फुगे फुंकायचे? पट्टी तू काढणार की सिस्टर?" एवढं विचारलं तरी पुरतं.

खेळण्यासाठी: बिनसुईची सिरिंज, पट्ट्या, चिकटपट्टी, जुनी सलाईनची नळी आणि एक धुता येईल असा बाहुला. रोज पंधरा मिनिटं. त्याला डॉक्टर होऊ द्या. तो बाहुल्याला शंभर सुया टोचेल, ओरडेल, दाबून धरेल. मधे पडून "असं नाही करायचं" म्हणू नका. तिथेच त्याचं चौघांनी धरलेलं बाहेर पडतं. पांढऱ्या पेशी कमी असताना केसाळ, जुनी खेळणी आणि माती नको. प्लॅस्टिकची, साबणाने धुता येणारी ठेवा.

न सांगता गुपचूप बाहेर जाऊ नका, चहालासुद्धा. "आत्ता येते" हे या वयाला कळत नाही. "तुझं जेवणाचं ताट आलं की मी येते" हे कळतं.

कोरांटी

खूप मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. आज रात्रीच मुटकुळं खेळलो. अजून एक: स्टेरॉइडचा महिना फार अवघड असतो असं ऐकलंय. आणि मुलीचं राहिलं.

पांढरा_एप्रन

हो, त्याबद्दल आधीच कळलेलं बरं. पहिल्या टप्प्यात साधारण चार आठवडे प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. आठवड्याभरात भूक सुटते, रात्री दोन वाजता उठून वरणभात मागतो. चेहरा गोल होतो. क्षणात रडतो, क्षणात चिडतो, आईला मारतोही. हा औषधाचा परिणाम आहे, वळण बिघडलेलं नाही. त्यालाही सांगा: "गोळीमुळे राग येतोय, गोळी संपली की कमी होईल." मारायला मात्र नको म्हणा. नियम नेहमीसारखेच ठेवले की मुलाला धीर वाटतो.

रात्रीच्या भुकेसाठी ताजं शिजवलेलं काही हाताशी असू द्या: मुगाचं धिरडं, उपमा, पूर्ण उकडलेलं अंडं. पापड, लोणचं, फरसाण बंद, कारण मीठ अंगात पाणी धरतं. फार तहान लागून सारखी लघवी होऊ लागली तर लगेच सांगा, साखर वाढलेली असू शकते. गोळी मनाने कमी किंवा बंद करायची नाही.

प्रेडनिसोलोन जिभेवर विरघळलं की कडू जहर. गोळी गिळायला आत्ताच शिकवा: आधी भिजवलेला साबुदाणा, मग बडीशेपेची रंगीत गोळी, मग छोटी पेपरमिंट तोडून. बसून, मान सरळ, आधी एक घोट पाणी, मग जिभेच्या मध्यावर गोळी, मग मोठा घोट. मान मागे टाकून गिळायला लावू नका, ठसका लागतो. रोज पाच मिनिटं, जमेल तिथे थांबायचं. केमोच्या गोळ्या न विचारता घरी कुटू नका.

व्हिंक्रिस्टिन नावाच्या इंजेक्शनने जबडा दुखतो, बद्धकोष्ठता होते, पाय ओढत चालतो. "नाटकं करतोय" असं कुणी म्हणायच्या आत डॉक्टरांना दाखवा.

मनकवडी

ताईचं. १४ वर्षांच्या मुलीला पूर्ण खरं सांगा, आजाराच्या नावासकट, नाहीतर ती मोबाइलवर शोधेल आणि मोठ्यांच्या कॅन्सरची माहिती वाचून घाबरेल. मुलांच्या एएलएलमध्ये उपचार पूर्ण झाले तर बरं होण्याची शक्यता चांगली असते, हे तिला तुमच्याच तोंडून कळू दे. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं फोन फक्त तिच्याशी, त्यात भावाचा विषय तिने काढला तरच. "आता तूच समजूतदार व्हायला हवंस" हे वाक्य टाळा. काकांना सांगून शाळेत एका शिक्षिकेला कल्पना द्या. आणि तिच्या वर्गात कांजिण्या निघाल्या तर ती भावाला भेटायला येण्याआधी कळवायचं. त्याचा स्वतःचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला तर त्याच दिवशी वॉर्डला फोन. प्रतिबंधक औषध पहिल्या ९६ तासांत दिलेलं उत्तम.

रानवारा

याच धाग्यात विचारतो. भाचा १५ वर्षांचा, गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कॅन्सर). कबड्डी खेळायचा. कुणाशी बोलत नाही, डॉक्टर आले की भिंतीकडे तोंड करतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पुढच्या आठवड्यात सुरू होणार. वरचं बरंचसं लहान मुलांसाठी आहे.

मनकवडी

बरोबर, पंधराव्या वर्षी फुगे नकोत. आधी बघा, डॉक्टर कुणाशी बोलतात? बहुतेकदा वडिलांशी, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, मुलाच्या डोक्यावरून. मग तो भिंतीकडे वळणारच. मामा म्हणून तुम्ही एक करू शकता: राउंडच्या आधी त्याला वही द्या, तीन प्रश्न लिहायला सांगा, आणि डॉक्टरांना विनंती करा की उत्तरं त्यालाच द्यावीत. आठवड्यातून दहा मिनिटं घरच्यांशिवाय डॉक्टर किंवा समुपदेशकाशी. पाय वाचेल का, खेळता येईल का, हे तो आईसमोर विचारणार नाही, कारण आई रडेल.

एक गोष्ट तातडीची, आणि लाजेपायी घरोघरी राहून जाते. सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइडमुळे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात, पण ते पहिल्या डोसच्या आधी. उद्याच डॉक्टरांना विचारा. त्याच्याशी हे वडिलांपेक्षा पुरुष डॉक्टर किंवा तुम्ही एकटे बोललात तर सोपं जाईल.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा आधीच बारीक कापणं बरं, पण केव्हा आणि कुणाकडून ते तो ठरवेल. टक्कल म्हटलं की आपल्याकडे घरातलं सुतक आठवतं, त्यामुळे आजी-आत्यांना आधी समजावून ठेवा, त्याच्यासमोर डोळ्याला पदर नको. मित्रांना काय सांगायचं तेही त्यालाच ठरवू दे. फोटो टाकायचे नाहीत, हे नातेवाइकांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा.

शांतझोप

सिस्प्लॅटिनने मळमळ जबर होते. उलटीविरोधी औषध त्रास सुरू होण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायचं. पहिल्या फेरीत उलट्या आवरल्या नाहीत तर पुढच्या वेळी दवाखान्याचं फाटक दिसताच मळमळतं, आणि ती मळमळ औषधाला दाद देत नाही. म्हणून पहिलीच फेरी नीट सांभाळणं महत्त्वाचं. केमोच्या दिवशी त्याचा आवडता पदार्थ मुळीच देऊ नका. मेंदू ती चव उलटीशी जोडतो आणि आईची पुरणपोळी कायमची नकोशी होते. त्या दिवशी साधं, फारसं न आवडणारं, कमी वासाचं, कोमट किंवा थंड अन्न. कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं, हे त्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. या औषधाने वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होऊ शकतं.

पांढरा_एप्रन

दोघांसाठीही. थर्मामीटर स्वतःचा घ्या, काखेतला, गुदद्वारातला कधीही नाही. १०१ अंश फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकला, की रात्रीचे तीन वाजलेले असले तरी दवाखान्यात निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप लपवू नका. भाच्याला हे काम स्वतःकडे घेऊ दे: ताप मोजणं, तारीख-वेळ लिहिणं, औषधांच्या गोळ्या डबीत भरणं. वयाला शोभेल असं काही हातात राहतं.

कोरांटीताई, मुंबईत राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६पासून कॅन्सरच्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य जागा देते. तिथे थेट जाऊन उपयोग नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून शिफारस लागते. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्या विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतींसह न्या. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने भरून मिळतो: स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्याला ७५ टक्के.

आणि बॅगेत त्याची घरची उशी आणि चादर ठेवा, धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून.